निवासाचा धंदा आणि शेतकरी

शेतीस एखादा जोडधंदा असावा, हे वाक्य या मासिकाच्या वाचकांनी इतक्या वेळा वाचले आहे की, ते पुन्हा लिहिताना आम्हास थोडा संकोच वाटतो. दुभते जनावर झाले, कोंबड्या झाल्या, रेशमाचे किडे झाले, मधमाश्याही झाल्या. हल्ली मात्र बाजारच्या दिवशी किंवा लग्नाच्या मांडवात जे तरुण खातेदार आम्हास भेटतात, ते यांपैकी कशाविषयीच विचारीत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो, तो हा की, रस्त्याच्या कडेस आपली दोन एकर जमीन आहे, तीत चार खोल्या बांधून मुंबई-पुण्याच्या लोकांस उतरावयास दिल्या तर कसे? विचारणाराच्या मोबाइलमध्ये एखाद्या टुमदार बंगलीचे चित्र असते, आणि पुष्कळदा बँकेच्या कर्जाचा कोरा अर्जही त्याने आणून ठेवलेला असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेणे योग्य नाही, कारण धंदा खरा आहे व वाढता आहे. एकदम होकार देणेही बरे नव्हे, कारण त्यात जमीन गुंतते. सबब या धंद्याचा आजचा ओघ कोणीकडे आहे व शेतकऱ्याने त्यात कोठवर उतरावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहो. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेल्यामुळे आमची नजर खोलीच्या रंगापेक्षा सातबाराच्या उताऱ्यावर अधिक जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

पैसे घेऊन पाहुण्यास उतरवून घेणे ही आपल्याकडे तशी अलीकडची रीत. गावच्या वेशीशी धर्मशाळा असे, देवळास ओवरी असे. वाटसरू तेथे पथारी टाकी व गावातून शिधा मागून घेई. घरी आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घ्यावयाचे, ही कल्पनाच जुन्या माणसांस सहन होत नसे, आणि अजूनही कित्येक घरांतील वडील मंडळी 'अन्न विकावयाचे काय?' असे विचारतात. शहरांत ही भीड लवकर मोडली. मुंबईचे सरदारगृह, जेथे लोकमान्य टिळकांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला, ते असेच उतरण्याचे स्थान होते. आणि ताजमहाल हॉटेल तर त्याहीपूर्वी, १९०३ साली, उघडले होते. यात्रेच्या गावांनीही आपला मार्ग काढला. पंढरपुरास आषाढीत घराघरांतून बिऱ्हाडे पडतात, हे कोणास सांगावयास नको. पुढे १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, व काही वर्षांनी त्याने 'निवास व न्याहारी' ही योजना काढली. तीत गृहस्थाने आपल्या राहत्या घरातील काही खोल्या प्रवाशांस द्याव्या, असा प्रकार आहे. गणपतीपुळे, तारकर्ली या बाजूस आज जी घरोघर उतरण्याची सोय दिसते, ती याच रीतीची. कोकणातील बागायतदार या कामी देशावरील शेतकऱ्याच्या पुढे गेला, याचे कारण त्याच्यापाशी समुद्र होता एवढेच नव्हे. त्याच्यापाशी मोठे घर होते, त्यातील निम्म्या खोल्या मुंबईस गेलेल्या भावांच्या म्हणून मोकळ्या होत्या, आणि पाहुण्यास काय वाढावे हे घरातील बायकांस ठाऊक होते. नव्याने विटा रचून त्याने धंदा सुरू केला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या धंद्याचे रूप पालटले ते मुख्यत्वे रस्त्यांमुळे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि ५ जून २०२५ रोजी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता अखंड झाला. पूर्वी ज्या गावी जाण्यास दोन दिवस लागत, तेथे आता शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणास पोहोचता येते. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा राज्यातील सर्व हॉटेले बंद झाली, व ८ जुलै २०२० पासून ती पुन्हा उघडली तीही शेकडा ३३ खोल्यांपुरतीच. त्या काळात शहरच्या माणसास गर्दीच्या मोठ्या हॉटेलाची धास्ती बसली, आणि घरापासून तीन-चार तासांच्या वाटेवर, झाडीत, एकट्याने उभे असलेले घर तो शोधू लागला. साथ गेली, पण ही आवड राहिली. यात भर म्हणून ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. त्यांपैकी जिंजीचा किल्ला तेवढा तमिळनाडूत आहे. बाकीचे अकरा, म्हणजे साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग, हे सर्व आपल्याच मुलखात आहेत. जमिनीवरच्या किल्ल्यांच्या पायथ्याशी कसणाऱ्या शेतकऱ्यांची गावे आहेत, व गड चढून उतरलेल्या माणसास भाकरी व पथारी हवीच असते.

रस्त्याविषयी मात्र एक गोष्ट येथेच सांगून ठेवू, कारण या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. जुन्या हमरस्त्याच्या कडेस असलेली जमीन व समृद्धीसारख्या मार्गाच्या कडेस असलेली जमीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या मार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या असतात, व दोन्ही अंगांस कुंपण असते. गाडी आपल्या बांधावरून धावत असली तरी ती आपल्या दारात थांबू शकत नाही. उतार-जागेपासून आपले शेत किती किलोमीटर आहे, व मधला रस्ता पावसाळ्यात कसा असतो, हाच खरा हिशेब. उलट वाहतूक नव्या मार्गावर गेल्यामुळे जुन्या रस्त्यावरील खानावळी ओस पडतात, हेही ज्याने त्याने आपल्या भागात पाहून घ्यावे.

आता धंद्याच्या स्वभावाकडे वळू. खोली ही वस्तू ज्वारीसारखी नाही. ती मेथीच्या जुडीसारखी आहे. ज्वारी आज विकली नाही तर कणगीत राहील व भाव आल्यावर विकता येईल. आजच्या रात्रीची खोली रिकामी गेली ती गेलीच. उद्या तीच रात्र पुन्हा विकावयास मिळत नाही. शिवाय मागणी आठवड्याच्या दोन रात्रींस एकवटलेली. सोमवारपासून गुरुवारपर्यंत गावाकडे कोणी फिरकत नाही, आणि परीक्षांच्या दिवसांत शनिवारही सुना जातो. ही गोष्ट आकड्यांनी मांडून दाखवितो. आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून बेरीज पुन्हा करावी.

समजा, एकाने १५ लक्ष रुपये कर्ज काढून तीन नव्या खोल्या बांधल्या. वर्षाच्या रात्री ३६५, म्हणजे तीन खोल्यांच्या मिळून १,०९५ रात्री विकावयास आहेत. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ व मे महिन्याची सुटी जमेस धरून, आणि रिकाम्या जाणाऱ्या वजा करून, यांपैकी २०० रात्री खपल्या असे धरू. हे प्रमाण शेकडा १८ पडते. रात्रीस १,५०० रुपये दराने ३ लक्ष रुपये आले. निम्मे गिऱ्हाईक मध्यस्थामार्फत आले व त्याने शेकडा २० कापले, तर ३० हजार गेले. एक गडी महिना १० हजारांवर ठेवला, त्याचे १ लक्ष २० हजार. चादरी धुणे, वीज, डागडुजी, साबण-फिनेल मिळून ६० हजार. शिल्लक राहिली ९० हजार, आणि कर्जाचे व्याज शेकडा १० प्रमाणे १ लक्ष ५० हजार. म्हणजे मुद्दलाचा एक पैसाही न फिटता वर्षाकाठी ६० हजारांची खोट. ही खोट शेवटी उसाच्या बिलातून किंवा कांद्याच्या पट्टीतून भरली जाते, व घरधन्यास वाटत असते की, धंदा चालला आहे.

याच्या उलट दुसऱ्याने वाड्याच्या पुढल्या सोप्यातील दोन जुन्या खोल्या २ लक्ष रुपये खर्चून नीट करून घेतल्या. छप्पर, फरशी, स्वच्छ संडास व न्हाणीघर एवढेच काम. त्याच्या १२० रात्री खपल्या तरी १ लक्ष ८० हजार येतात. ओळखीवर गिऱ्हाईक आले म्हणून दलाली नाही. धुणे-विजेस ४० हजार, अर्धवेळ मदतनिसास ५० हजार, व्याज २० हजार. हाती ७० हजार राहिले. पाहुणा जाताना जी हळद, गूळ, तांदूळ, डाळ नेतो, तिचे पैसे निराळे, व ते बाजार समितीच्या दराने नव्हे तर किरकोळ दराने मिळालेले. पहिल्याची इमारत देखणी आहे व दुसऱ्याची जुनी आहे. पण कर्ज कोणाचे कमी, हे पाहावे.

दुसऱ्याच्या या हिशेबात एक रकम आम्ही मुद्दामच मांडली नाही, आणि ती म्हणजे घरातील स्त्रियांच्या कष्टांची. पाहुणा शनिवारी येतो. त्याच दिवशी शेतावर मजूर असतात, त्याच संध्याकाळी धारा काढावयाच्या असतात, आणि त्याच वेळी चुलीवरच्या भाकरीची फर्माईश होते. शहरचा मनुष्य ज्या चवीस भुलून परत येतो, ती चव सुनेच्या वा सासूच्या हातची असते. पैसे मात्र घरधन्याच्या खात्यावर जमा होतात. आमच्या पाहण्यात अशी दोन घरे आहेत की जेथे धंदा उत्तम चालला होता आणि दोन वर्षांत बंद पडला, कारण घरातील बाईने हात टेकले. ज्या घरी न्याहारी व जेवणाचा पैसा सरळ तिच्या नावच्या खात्यात जातो, व किती माणसांचे जेवण घ्यावयाचे हे तीच ठरविते, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. हिशेबाच्या वहीत तिच्या नावाचा रकाना पहिल्या दिवसापासून घालावा.

मध्यस्थाचा उल्लेख वर आला. अडत्या शेतकऱ्यास नवा नाही. तो आता मोबाइलमध्ये येऊन बसला आहे, एवढेच. त्याचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही, कारण नव्या माणसाचे नाव शहरात पोहोचविणे त्याच्यावाचून कठीण. परंतु तो शेकडा १५ ते २० कापतो, आणि पुष्कळदा करारात अशी अट घालतो की, त्याच्याकडे लावलेल्या दरापेक्षा कमी दराने मालकाने दुसरीकडे खोली देऊ नये. हे प्रकरण केवढे मोठे झाले ते पाहा. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप व गोआयबिबो यांस २२३ कोटी ४८ लक्ष रुपये व ओयो कंपनीस १६८ कोटी ८८ लक्ष रुपये दंड केला. दराची अशी अट लादणे व एका कंपनीशी संगनमत करून तिच्या प्रतिस्पर्ध्यांस यादीतून दूर ठेवणे, असा त्यातील आक्षेप होता. या आदेशाविरुद्ध पुढे अपिलेही झाली. मोठमोठी हॉटेले ज्या करारात अडकली, त्यावर आपल्या मुलाने बोटाच्या एका स्पर्शाने संमती देऊ नये. करार छापून घ्यावा, दर व रद्द केल्यास परतावा यांची कलमे वाचावी, आणि पाहुणा एकदा येऊन गेला की, त्याचा नंबर आपल्या वहीत उतरून घ्यावा. दुसऱ्या खेपेस तो सरळ आपल्याकडेच आला पाहिजे.

कराविषयी थोडक्यात. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीस पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता; ती सूट १८ जुलै २०२२ पासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर शेकडा ५ आहे, व खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. वर्षाची उलाढाल २० लक्षांच्या आत असलेल्या सेवाधंद्यास नोंदणी करावी लागत नाही, म्हणून लहान शेतकऱ्यास हे लागत नाही. मात्र पाहुणा संकेतस्थळामार्फत आला तर तो कर मध्यस्थ भरतो व पाहुण्याच्या बिलात चढवितो. प्राप्तिकराची गोष्ट वेगळी. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, परंतु खोलीचे भाडे शेतातील खोलीचे असले तरी ते शेतीचे उत्पन्न नव्हे. दोन्हींच्या वह्या निराळ्या ठेवाव्या.

आता जमिनीकडे येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात शेतावरील इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत, वैरण वा पीक साठविणे, गुरे बांधणे, खातेदाराचे कुटुंब, गडी किंवा कूळ यांनी राहणे, अथवा शेती कसण्याच्या व्यवस्थेचा जो अविभाज्य भाग असेल असे दुसरे काम, यांकरिता उभारलेली इमारत ती शेतावरील इमारत. पैसे देऊन रात्री निजावयास येणारा मुंबईचा पाहुणा या यादीत बसत नाही. 'शेतघर म्हणून बांधू, मग पाहू' असा सल्ला पारावर फुकट मिळतो. त्या सल्ल्याने बांधलेल्या घरात पाहुणे उतरू लागले आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाकडे आले की, पहिला तक्रार अर्ज याच मुद्द्यावर पडतो. अकृषिक वापराचे नियम अलीकडे पुष्कळ सैल झाले आहेत व त्यांत वरचेवर बदल होत आहेत. याच कारणाने, पाच वर्षांपूर्वी मामांनी काय केले यावर न जाता, गट नंबर, क्षेत्र व वापर स्पष्ट लिहून तहसील कचेरीत व बांधकाम मंजूर करणाऱ्या नियोजन कचेरीत लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच पाया खणावा. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडावयाचे, हेही त्यातच विचारून घ्यावे. रस्ता रुंद होताना पाडलेल्या पडव्या आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट सहहिस्सेदारांची. उताऱ्यावर चार भावांची नावे आहेत, वाटप तोंडी झालेले आहे, व रस्त्याकडेचा तुकडा थोरल्याच्या वहिवाटीस आहे. जोवर तेथे बाजरी पिकते तोवर कोणी बोलत नाही. तेथे खोल्या उठल्या व गाड्या लागू लागल्या म्हणजे त्याच तुकड्यात प्रत्येकास आपला चौथा हिस्सा दिसू लागतो, आणि माहेरी कधी न आलेल्या बहिणीच्या सासरची माणसेही उतारा मागू लागतात. त्यांचा हक्क खोटा नसतो, ही त्यातील खरी अडचण. अशा वेळी बांधणाऱ्याने कर्ज फेडावे आणि हिस्सा सर्वांनी मागावा, असा तंटा दिवाणी कोर्टात वीस-वीस वर्षे चालतो. म्हणून वाटप आधी रीतसर करून फेरफार मंजूर करून घ्यावा. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी फेरफाराची नोंद त्याच्याच दप्तरात होते. इमारत मागाहून बांधता येईल.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. शहरातील भांडवलवाला येतो व म्हणतो, "जमीन तुमची, पैसा माझा, तीस वर्षांचा भाडेपट्टा करू." १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसास शेतजमीन विकणे, बक्षीस देणे किंवा पट्ट्याने देणे यांवर निर्बंध आहेत. म्हणून कित्येकदा पट्ट्याऐवजी भागीदारीचा कागद होतो, व त्याच्या पोटात एक कुलमुखत्यारपत्र असते. त्या मुखत्यारपत्राने आपण काय काय देऊन बसलो, हे शेतकऱ्यास तारण-बोजाची नोंद 'इतर हक्कां'त पडल्यावर समजते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदविल्यावाचून कायदेशीर होत नाही. 'नोंदणीचा खर्च कशाला?' असे जो म्हणतो त्याच्या हाती कागदच देऊ नये. आणि ज्यात जमीन गहाण टाकण्याचा अधिकार दुसऱ्यास जातो, अशा कागदावर सही करणे म्हणजे पाहुण्यास घराची किल्ली देऊन आपण ओटीवर निजणे होय.

सरकारने या धंद्यास वाट करून दिली आहे, हेही सांगितले पाहिजे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. त्याप्रमाणे निदान एक एकर जमीन असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करू शकतो. प्रमाणपत्रामुळे बँकेच्या दारात व कचेरीत आपली ओळख पटते, इतका तरी उपयोग निश्चित आहे. जेवण द्यावयाचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी, आणि परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. महाराष्ट्रात याचा पायंडा या धोरणाच्या पुष्कळ आधी पडला होता. बारामतीच्या बाजूस पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास शेतावर पाहुणे आणण्याचे केंद्र चालू केले, व त्यांच्या खटपटीने अनेक शेतकरी या मार्गास लागले.

परदेशांपैकी इटलीचे उदाहरण येथे उपयोगी आहे. त्या देशाने १९८५ साली शेतावरील पाहुणचाराचा स्वतंत्र कायदा केला व २००६ साली त्याच्या जागी सुधारलेला कायदा आणला. त्याचा कणा एकच आहे : शेती हे मुख्य काम राहिले पाहिजे, व पाहुणचार तिच्या जोडीने चालला पाहिजे. शेती मोडून नुसते हॉटेल चालविणारास शेतावरील पाहुणचाराचे नाव लावता येत नाही. आज तेथे अशी २५ हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. आपल्याकडेही ज्याने द्राक्षबाग तोडून तेथे पोहण्याचा तलाव केला, त्याची स्पर्धा शहरच्या मोठ्या कंपन्यांशी लागते, आणि तेथे तो टिकत नाही. कंपनीस चादर स्वस्त पडते, जाहिरात स्वस्त पडते, कर्जही स्वस्त पडते. तिला मिळत नाही ते उभे पीक, गोठा व विहिरीवरची मोट दाखविणारा म्हातारा.

हुरड्याचेच पाहा. डिसेंबर-जानेवारीत शहरची कुटुंबे शेतावर येतात, आगटीभोवती बसतात, लसणाच्या चटणीशी हुरडा खातात व संध्याकाळी परत जातात. खोली लागत नाही, चादर लागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्याकरिता 'फुले मधुर' हा ज्वारीचा वाण दिला आहे. सगळी ज्वारी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत पेरली, तर दुधातून चिकात येणारी कणसे महिना-दीड महिना मिळत राहतात. ज्यास या धंद्यात आपला जम बसेल की नाही हे आजमावयाचे आहे, त्याने पहिले वर्ष हुरड्यावरच काढावे. पाहुण्यांची ये-जा आपल्या घरास मानवते काय, बोलताना मुलांचा संकोच जातो काय, गावकरी नाक मुरडतात काय, हे सर्व चार आदितवारांत कळते.

पाण्याचा विचार मात्र मे महिन्यासमोर ठेवूनच करावा. शाळांस सुटी पडून पाहुणे येतात तेच दिवस विहिरीने तळ गाठण्याचे असतात. फळबागेस टँकर घालावा आणि पाहुण्यास शॉवर द्यावा, हे ज्यास परवडत नाही त्याने मे महिन्यात खोल्या खुशाल बंद ठेवाव्या. संडासाची टाकी पिण्याच्या विहिरीपासून दूर व उताराच्या बाजूस घ्यावी, हे वास्तविक लिहावयाचे कारण नसावे, पण नवीन बांधकामांत आम्ही उलटे झालेले पाहिले आहे.

शेवटी नाशिक जिल्ह्यातील वाचकांसाठी दोन शब्द. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे होणार आहेत, आणि त्याच्या आशेने त्या बाजूस खोल्या बांधण्याची घाई अनेकांस झाली आहे. मागला सिंहस्थ २०१५ साली झाला. यापुढचा पुन्हा सुमारे बारा वर्षांनी येईल. दोन महिन्यांच्या गर्दीकरिता बारा वर्षे फिटणारे पक्के बांधकाम करू नये. ज्यास या पर्वात जागा द्यावयाची आहे, त्याने मोकळी जमीन तंबूंकरिता ठराविक मुदतीने द्यावी. स्नाने खरिपात येतात, म्हणून त्या वर्षीचे सोयाबीन किंवा मका बुडेल, त्याची किंमत भाड्यात आधीच धरावी. खडी व मुरूम टाकला असल्यास तो उचलून नेणे, मोडलेला बांध पूर्ववत घालून देणे, आणि दसऱ्यापूर्वी जमीन मोकळी करून देणे, ही तीन कलमे कागदात लिहून घ्यावी, व त्यांपोटी अनामत रक्कम हाती ठेवावी. म्हणजे रब्बीच्या हरभऱ्यास वाफसा चुकणार नाही.